कावळा की कबुतर

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं एकदाचं! तीन नळ्या, तीन पाखरं.

खारुताई सकाळपासून माझ्या पायात पायात. "मावशी, नीट लावाल ना लेबलं? मावशी, घाई नका करू हां." अगं बये, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी नळ्यांना लेबलं लावतेय! शेवटी दटावून बाहेर काढली आणि आतून कडी घातली. खारुताई हे मीच ठेवलेलं नाव. जिन्यात बसून शेंगदाणे कुरतडते आणि चालत कधीच नाही, पळतेच. पीएचडीचं पाचवं वर्ष, तरी पोर ती पोरच.

लेबलं लावताना मोजणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही, हा आमच्या लॅबच्या मॅडमचा नियम. त्या म्हणतात, "आपले डोळे आवडीच्या उत्तराच्या प्रेमात पडतात. म्हणून डोळ्यांना नावच सांगायचं नाही." मी मूळ नळ्यांतलं काढून नव्या नळ्यांत भरायचं, वर पाखरांची नावं चिकटवायची, कोण कोणतं ते कागदावर लिहून पाकीट बंद करायचं. पूर्वी अ, ब, क लिहायचे. पण 'अ' म्हटला की पोरांना उगाच तो हुशार वाटायला लागतो. म्हणून चिमणी, कावळा, कबुतर. मोजून झालं की सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं. पंचवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे, एकदाही बोट दाखवायला जागा ठेवली नाही.

आणि ही तीन नळ्यांची मोजणी म्हणजे पोरीच्या पाच वर्षांचा निकाल. हे आमचे जंतू गोल गोल, द्राक्षांसारखे घडाने राहणारे. त्यांच्या अंगावर प्रोटीनची लव असते. ती बनते आत, पण तिला जायचं असतं बाहेरच्या भिंतीवर. जंतू मधोमध नवी भिंत बांधून दोन होतो, तेव्हा आमचं हे प्रोटीन बरोबर त्या नव्या भिंतीपाशीच उमटतं — मधे कडं घातल्यासारखं. रस्ता चुकलं तर दोन्ही टोकांना जाऊन बसतं, टोप्या घातल्यासारखं. त्याला रस्ता कोण दाखवतं? खारुताई म्हणते सत्तावीस नंबरचं जीन. ते काढून टाकलं की टोप्या दिसल्या पाहिजेत. एका नळीत साधे जंतू, एकीत सत्तावीस काढलेले, आणि एकीत एकतीस नंबर काढलेले. एकतीस आपलं नुसतं सोबतीला. त्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही, बिचाऱ्याकडून.

कोण कोणतं पाखरू ते इथेही लिहायचं नाही. प्रत्येक नाव दोनदा मोठ्याने वाचलं, मग चिकटवलं, मग अंगठा दाबला. पाकिटाला चिकटपट्टी, वर सही. मूळ नळ्या लगेच वाफेच्या भांड्यात घालून जंतू मारून टाकले, तोही नियमच. फोन घरीच राहिला चार्जिंगला. दिवसभर कुणाची कटकट नाही! असं रोज विसरावं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. ह्यांनी काल पाहुण्यांसमोर "आमच्याकडे बरण्यांवर काही लिहिलेलं नसतं, शोधमोहीम काढावी लागते" असं ऐकवलं. म्हणून आज बसले लेबलं करायला. ऑफिसात तेच, घरी तेच!

'मीठ' आणि 'साखर' ही दोन लेबलं हातात होती आणि दादाचा फोन. वहिनीला ताप. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले, सगळं छान चाललेलं, आज सकाळी एकदम हुडहुडी भरली आणि टाक्यांपाशी लाल झालं. दादाचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. लहानपणी माझा हात मोडला तेव्हाही हसवत घेऊन गेला होता तो मला. "काही नाही गं, होईल बरं" असं चार वेळा म्हणाला. चार वेळा म्हणाला म्हणूनच घाबरले.

८ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्या चहात मीठ! पहिला घोट घेऊन माणूस माझ्याकडे असा बघत बसला, की मला वाटलं ह्यांनाच काहीतरी झालं. साखरेच्या बरणीवर मीठ आणि मिठाच्या बरणीवर साखर. माझंच अक्षर, ठळक, खाली रेघ मारून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीचा रिपोर्ट आला. दादाने नाव वाचून दाखवलं, अडखळत, एकेक अक्षर. मला पूर्ण ऐकायची गरजच नव्हती. तोच आमचा. घडाने राहणारा, ज्याला मी पंचवीस वर्षं वेळेवर खाऊ घालते.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. वहिनी सलाईन लावून पडलेली, ओठ सुकलेले, पण जीभ शाबूत! "काय गं, तुमच्याच लॅबमधून निसटलेला दिसतोय. पाळलेला आहे, हाक मार, येईल परत." मी हसले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

घरी ह्यांनी विचारलं, "ते चिकटतात तरी कसे?" पंचवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेल! मी सांगितलं. त्यांच्या अंगावरच्या त्या लवेने. आतून निघताना प्रोटीनच्या पुढच्या टोकाला पत्त्याची पट्टी असते. दारातून बाहेर पडलं की पट्टी कापली जाते. मागचं टोक भिंतीशी येतं, तिथे एक एन्झाइम बसलेलंच असतं. ते टोक कापतं आणि त्याच जागी भिंतीला पक्कं टाचून देतं, बटण शिवल्यासारखं. मग जंतू त्या बटणांनी माणसाच्या अंगात कुठेही अडकून बसतो. हाडाला, गुडघ्याच्या धातूला. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि ती तुमची खारुताई काय शोधतेय?" म्हटलं, पत्ता वाचतं कोण ते. "मग शोधू दे की लवकर!" असे ओरडले जसं काही मीच तिला अडवून धरलंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीचा ताप तसाच. औषध बदललं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बघायला नको होतं मी.

खारुताई अंधाऱ्या खोलीत बसून मोजतेय. प्रत्येक पाखराच्या सहाशे पेशी. कडं की टोपी, कडं की टोपी. मी तिच्यासाठी काचपट्ट्या ठेवायला गेले तर तिची वही उघडी. चिमणी — कडी. कबुतर — कडी. कावळा — टोप्या, टोप्या, टोप्या. सहाशेतल्या चारशे एकोणसाठ.

आणि कावळा कोण ते मला माहीत आहे. जगात फक्त मला.

सत्तावीस नाही. एकतीस आहे तो.

ती म्हणाली, "मावशी, एका पाखराच्या टोप्या काय सुंदर दिसतायत! या ना, बघा ना!" तोंडभर हसत होती. डोळे लाल, केस तीन दिवस विंचरलेले नाहीत. मी म्हटलं मला काम आहे आणि निघून आले. एवढी कडू मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तिला टाळतेय. डबा खायलाही वरच्या मजल्यावर गेले. ती शोधत आली, "मावशी, चिडलात का माझ्यावर?" नाही गं बाळा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वहिनीचा ताप उतरला! अर्ध्या डिग्रीने. दादाने असं सांगितलं जसं काही लॉटरी लागली. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाकीट फोडलं.

सगळे जमलेले. मॅडम, बाकीची चार पोरं, मी. खारुताईने आज केस विंचरले होते. नवा कुर्ता.  मॅडमनी माझ्या सहीची पट्टी कापली आणि वाचलं — चिमणी साधे, कबुतर सत्तावीस, कावळा एकतीस.

 खारुताईने मॅडमच्या हातून कागद घेतला, स्वतः वाचला, उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे सत्तावीस काढला तरी काहीच होत नाही?"

"काहीच होत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या कधी गोड करून सांगत नाहीत.

"पण मी आधीच्या फोटोंत बघितलं होतं. टोप्या होत्या."

"तेव्हा तुला नाव माहीत होतं ना बाळ."

मग ती रडली. आवाज न करता, सगळ्यांसमोर, हातातला कागद ओला होईपर्यंत. मॅडम एकतीसबद्दल काहीतरी सांगत होत्या. "अगं, पण हे एकतीसचं काय? हे तर कुणालाच ठाऊक नाही, हे बघ तरी" — पण ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं? प्रबंध द्यायची मुदत सोळा मार्च. दोनदा वाढवून झालीय. तिसऱ्यांदा मागायची तर समितीपुढे जावं लागतं, आणि गेल्या वर्षी समितीने दोघांची नावंच काढून टाकली. एकतीसवर नव्याने काम म्हणजे कमीत कमी सहा महिने. पाच वर्षं सत्तावीस सत्तावीस म्हणत काढली पोरीने. झोपेतही तोच नंबर बडबडत असेल.

मला ते सगळं आठवडाभर आधी माहीत होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

तिच्या खोलीवर गेले. कालपासून फोन उचलत नाही. घरमालकीण म्हणाली, आहे आत, पण दार उघडत नाही. मी दारातूनच म्हटलं, "मी काही विचारणार नाही. शेंगदाणे आणलेत." उघडलं.

बॅग भरलेली होती. पलंगावर, झाकण उघडं. आई म्हणाली घरी ये, म्हणते. परत यायचं की नाही माहीत नाही, म्हणते. "मावशी, मी चुकले हे ठीक आहे. पण मी खोटं बघितलं! माझ्या डोळ्यांनी! मी पुन्हा कशावर विश्वास ठेवू?" मी तिचे केस विंचरून दिले. दुसरं काय येतं मला? जटा झाल्या होत्या नुसत्या.

सोळा तारखेपर्यंत तरी जाऊ नकोस, एवढं कबूल करून घेतलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपरातलं कोडं सोडवत ऐकत होते. मग मान वर न करता म्हणाले, "लेबलं तूच लावलीस ना? तू त्या आठवड्यात होतीस कुठे! मला मिठाचा चहा पाजलास."

मी भडकले. बरण्या वेगळ्या आणि नळ्या वेगळ्या! पंचवीस वर्षं! हे म्हणाले, "बरं बाई, बरं," आणि आडवं पाच अक्षरी काहीतरी विचारलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. खरंच, दादाचा फोन आला त्या दिवसांत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोन आला तेव्हा माझ्या हातात लेबलं होती, हे तर मला पक्कं आठवतंय. दोन लेबलं. एका बोटावर एक, दुसऱ्या बोटावर एक. फोन कानाशी धरायला जागा नव्हती, खांद्याने दाबून धरला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज मुद्दाम त्या टेबलापाशी उभी राहिले. सगळं डोळ्यांपुढे आलं! डाव्या हाताला कावळा, उजव्या हाताला कबुतर. दादा म्हणतोय "होईल बरं, होईल बरं". बोलून झाल्यावर मी खाली बघितलं आणि पटकन चिकटवून टाकलं. मग कागदावर लिहिलं. आधी ठरवलं होतं तसंच लिहिलं, नळ्यांकडे न बघता!

माझ्यामुळे झालं हे. कबुतर एकतीस आहे आणि कावळा सत्तावीस. पोरीने बरोबर बघितलं होतं. पाच वर्षं बरोबर बघत होती. आणि मी मूर्खासारखी तिचे केस विंचरत बसले होते.

 हलकं वाटतंय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमकडे गेले. दार लावून घेतलं. सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, नक्की?"

"नक्की."

"फोन आला तेव्हा तुमच्या हातात लेबलं होती?"

"दोन्ही. कावळा आणि कबुतर. मला दिसतंय मॅडम, अजून दिसतंय."

म्हणाल्या, पुन्हा करून बघितलं असतं. पण ती अँटीबॉडी — जी प्रोटीनला चिकटून चमकते, जिच्याशिवाय काहीच दिसत नाही — तिचा शेवटचा थेंब ह्याच मोजणीत संपला. नवी यायला तीन महिने. मूळ नळ्या मी स्वतःच त्याच दिवशी मारून टाकलेल्या, पाखरांच्या नळ्या मोजणी झाल्यावर. म्हणजे ना नळी, ना थेंब. फक्त माझा शब्द.

त्यांनी चष्मा परत घातला. "मला हे आवडत नाहीये ताई. तुम्हाला राग येईल, पण विचारते. त्या पोरीवर तुमचा जीव आहे. म्हणून तर नाही ना?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "मॅडम, पंचवीस वर्षांत मी कधी चूक कबूल केली नाही, कारण केलीच नव्हती. पहिली कबूल करायला आलेय तर तुम्ही असं म्हणता?"

त्यांनी माझा हात धरला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "उद्या सांगते," म्हणाल्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी यादीखाली लिहिलं — लेबलं लावणाऱ्या व्यक्तीने स्वतःहून सांगितल्यावरून दुरुस्ती. खाली मी सही केली, त्यांनी केली. "मी ज्यांच्या शब्दावर एवढी वर्षं काम केलं, त्यांच्या शब्दावर आज नाही म्हणू शकत नाही," म्हणाल्या. चेहरा मात्र हसरा नव्हता.

खारुताईला बोलावून सांगितलं. आधी तिला कळेचना. मग कळलं आणि ती मला येऊन अशी बिलगली की माझा चष्माच पडला! बाकीची पोरं बाहेरून टाळ्या वाजवत होती. मी आपली "अगं, माझ्यामुळेच तर झालं हे, मला कसली मिठी" म्हणतेय, पण ऐकतंय कोण?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" फुशारकी बघा!

३ मार्च, मंगळवार

वहिनी घरी आली! काठी घेऊन दारापासून पलंगापर्यंत चालली आणि दादाला म्हणाली, "आता तू पड, मी बघते तुझ्याकडे." दादा खरंच पडला. सोळा तास झोपला म्हणे.

५ मार्च, गुरुवार

पोर लिहितेय. दिवसभर टकटक टकटक. परत पळायला लागलीय, जिन्यात परत टरफलं. ती बघून रागवायचं सोडून मला बरंच वाटलं.

९ मार्च, सोमवार

आज डबा खाताना खारुताईने एकदम विचारलं, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी खोटं तर नाही ना बोललात?"

मी डबा बाजूला ठेवला.

"म्हणजे मला राग नाही येणार. पण मला माहीत असायला हवं. एकदा मी स्वतःच्या डोळ्यांनी फसलेय."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुझी शपथ. फोन वाजला, हातात दोन्ही लेबलं होती, ती उलटी लागली. एक अक्षर खोटं नाही." तिने मान हलवली. माझ्या डब्यातलं अर्धं खाऊन टाकलं. मन शांत झालं तिचं.

माझंही झालं. खरं सांगताना माणसाला किती सोपं जातं!

११ मार्च, बुधवार

मॅडमनी सहज विचारलं, कबुतर म्हणजे एकतीस, तिथे सगळी कडीच दिसली, म्हणजे एकतीसचं काहीच काम नाही तर? म्हटलं नाहीच म्हणायचं. "हं," म्हणाल्या. "पाकीट फोडलं त्या रात्री मला उगाच वाटलं होतं, एकतीस खरा असेल तर औषधाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट. पत्ता वाचणाराच बंद पाडला तर जंतूला चिकटताच यायचं नाही. आणि एकतीस सत्तावीससारखा आत नाही, औषध बाहेरून पोचेल अशा जागी आहे." मग स्वतःच हसल्या. "डोळ्यांसारखंच डोकंही प्रेमात पडतं."

मी वहिनीच्या गुडघ्याचा विचार करत होते, नीट ऐकलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

प्रबंध छापून आला! पाच प्रती, निळी कापडी बांधणी. खारुताईने पहिली प्रत माझ्यापुढे आणून ठेवली आणि आभाराचं पान उघडलं. आधी मॅडम, मग आईवडील. आणि मग — "आमच्या मावशींना, ज्यांनी स्वतःची चूक स्वतः सांगितली. विज्ञान म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून शिकले."

रडायचं नाही असं ठरवलं होतं. कसलं काय! ह्यांना फोन करून तीनदा वाचून दाखवलं. 

सोमवारी सकाळी अकराला द्यायचा. मी बरोबर जाणार आहे.

१५ मार्च, रविवार

दुपारी दादाचा फोन. उद्या वहिनीला दाखवायला नेतोय, डॉक्टरांना नक्की तारीख हवीय, पहिला ताप कधी चढला. "त्याच सकाळी मी तुला फोन केला होता बघ. तू लिहितेस ना रोज? बघून सांग."

पानं उलटली. सात फेब्रुवारी. शनिवार. घरी. हातात मीठ आणि साखर.

आणि त्याच्या आधीचं पान, सहा तारखेचं, माझंच अक्षर. फोन घरीच राहिला. प्रत्येक नाव दोनदा मोठ्याने वाचलं.

फोन वाजलाच नव्हता तिथे. लेबलं बरोबर होती. कावळा एकतीसच. पोरीला खरंच काहीतरी सापडलं होतं, कुणालाच ठाऊक नसलेलं, वहिनीसारख्यांच्या कामी येईल असं. ते मी तिच्या हातून काढून घेतलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून.

ही वही मी आजवर ह्यांनाही दाखवली नाही. साडेपाचची बस आहे. आधी पोरीची खोली, मग दोघी मॅडमकडे. एवढं लिहिलं की वही पिशवीत घालतेय.